गजभियेंची न झालेली सही

गजभिये मीटिंगमध्ये हात वर करायचे तो शाळकरी मुलासारखा नाही. कोपर टेबलावर, तळवा समोर, बोटं जुळलेली. रेल्वे फाटकावरचा माणूस गाड्या थांबवतो तसा. बोलणारा थांबायचाच. मग शर्टाच्या खिशातून छोटी वही काढून ते म्हणायचे, "साहेब, हा शब्द पुन्हा सांगा जी. लिवून घेतो." शब्द लिहिला की त्याच्यासमोर मराठीत एक वाक्य लिहायचे, ते मोठ्याने वाचायचे आणि विचारायचे, "असंच ना? का माझं काही चुकून राहिलं?"

त्यात टिंगल नसायची. नव्या माणसाला ती वाटायची. मलाही पहिली दोन वर्षं वाटली. ज्या शब्दाचा अर्थ आपल्याला दुसऱ्याला सांगता येत नाही तो तोंडात घ्यायचा नाही, एवढा त्यांचा साधा नियम होता. हा नियम सगळेच पाळतात अशी त्यांची समजूत होती, आणि ती शेवटपर्यंत टिकली.

आमची कंपनी औषधं साठवते आणि पोचवते. नागपूरबाहेर वाडीत, अमरावती रोडला लागून, तीन गोदामं आहेत. विदर्भातले दवाखाने आणि औषधांची दुकानं हे आमचं गिऱ्हाईक. मी डिस्पॅचची प्रमुख, म्हणजे कोणत्या औषधाची कोणती पेटी कोणत्या गाडीने कुठे गेली याचं उत्तर माझ्याकडे मागितलं जातं. मधुकर गजभिये कंपनीचा सर्व्हर सांभाळायचे. आमच्या सगळ्या नोंदी ज्या एका मोठ्या संगणकात राहायच्या, तो हा सर्व्हर. गोदामामागच्या एका खोलीत तो होता, आणि आमच्या आख्ख्या जागेत एसी फक्त त्यालाच होता. मे महिन्यात आम्ही कूलरपुढे घाम पुसत बसायचो. दुपारी काहीतरी निमित्त काढून मी त्या खोलीत जायचे. "बसा मॅडम," गजभिये खुर्ची सरकवायचे, "त्यालेबी पाहुणे लागते."

दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी ते एक कवायत करायचे. आदल्या दिवसापर्यंतच्या सगळ्या नोंदींची प्रत एका जुन्या, रिकाम्या संगणकावर चढवायची आणि मग मला विचारायचं, "कोणताबी एक बिल्टी नंबर सांगा." बिल्टी म्हणजे गाडीबरोबर जाणारी मालाची पावती. मी मनाला येईल तो नंबर सांगायचे. तो त्या प्रतीत सापडला, पेटी, बॅच, गाडी सगळं जुळलं, तरच ते उठायचे. "बॅकअप घेतला असं सांगू नका मले," ते म्हणायचे. "परत आणून दाखवा. झाकलेल्या डब्यात भाजी हाय का नाई, उघडल्याबिगर कोनाले माहीत?"

कवायत झाली की सर्व्हरचा पासवर्ड बदलायचे, तो कागदावर लिहून पाकिटात चिकटवायचे, आणि पाकिटाच्या तोंडावर माझी सही घेऊन ते माझ्याच खणात ठेवायला लावायचे. मी एकदा विचारलं, "माझ्याकडे कशाला?"

"मी उद्या ट्रकखाली आलो त?"

"काहीतरीच बोलता."

"काहीतरीच काहून? वाडीत ट्रक कमी हाय का?"

त्यांच्या कपाटात एक हिरवी फाइल होती. सर्व्हर बंद कसा करायचा, सुरू कसा करायचा, पडद्यावर काय दिसलं तर काय करायचं, सगळं पायरीपायरीने, मराठीत, सुवाच्य अक्षरात. नवे इंजिनीअर तिला हसत. गजभिये म्हणायचे, "हुशार माणसासाठी नाई लिवली. घाबरलेल्या माणसासाठी लिवली."

निनाद सर पुण्याच्या मुख्य कार्यालयातून आले ते जानेवारीत. चाळिशीच्या आतले, कामाला वाघ, बोलायला गोड. माणूस वाईट नव्हता, हे आधीच लिहून ठेवते. त्यांना मे महिन्यापर्यंत आमचं सगळं क्लाउडवर न्यायचं होतं, आणि त्यांच्याही डोक्यावर कोणीतरी बसलेलं होतं. पहिल्याच मीटिंगमध्ये त्यांनी पडद्यावर ढगाचं चित्र लावलं. ढगात बाण जात होते, ढगातून बाण येत होते. "हे नुसतं मायग्रेशन नाही, ही एक जर्नी आहे," ते म्हणाले. "सीमलेस, स्केलेबल, फ्युचर-रेडी."

गजभियेंचा हात वर गेला.

"साहेब, क्लाउड म्हंजे आपलं सामान आपल्या गोदामात न ठेवता दुसऱ्याच्या मोठ्या गोदामात ठेवणं. असंच ना?"

मागच्या रांगेत गोदामांचे मुकादम बसले होते. तासाभरात पहिल्यांदा त्यांनी मान हलवली. निनाद सर हसले. "फारच सिम्प्लिफाय केलंत, पण... हो."

"मंग चांगलंच हाय. आपणबी दुसऱ्याचंच सामान सांभाळतो. फक्त आपण आत घेताना पेटी मोजतो, बाहेर देताना मोजतो. तिथं कोण मोजन?"

"ते सगळं ऑटोमेटेड आहे."

गजभियेंनी तो शब्दही लिहून घेतला.

पुढचे दोन महिने त्या शब्दांची साथ आली. भिंतींवर ढगांची पोस्टरं लागली. बोलायला या म्हणायच्या ऐवजी लोक 'कनेक्ट होऊ' म्हणू लागले. उशिरा आलेला ड्रायव्हर मुकादमाला सांगायचा, "भाऊ, गाडी मायग्रेशनमध्ये होती." मीही मागे नव्हते. एका मीटिंगमध्ये मी 'सिंगल सोर्स ऑफ ट्रुथ' असं म्हणाले तेव्हा निनाद सरांनी टाळ्या वाजवल्या, म्हणून सगळ्यांनी वाजवल्या. मला बरं वाटलं. पन्नाशीच्या उंबरठ्यावर आपण जुनाट ठरत नाही आहोत, हे कोणीतरी सांगितलेलं बरंच वाटतं.

संध्याकाळी गजभियेंनी मला वही दाखवली. 'सीमलेस: शिवण दिसत नाही. उसवलं तरी लवकर कळणार नाही.' त्याखाली, निनाद सर जुन्या सर्व्हरला म्हणायचे तो शब्द: 'लेगसी: जे अजून चालू आहे ते.' मी हसले. ते हसले नाहीत.

"तुमच्या सकाळच्या शब्दाचं सांगा ना, मॅडम. सगळं खरं एकाच जागी ठेवायचं, असं मी लिवलं. त्या जागी चुकीचं गेलं असन त मंग काय करा लागते?"

"माझ्या गाड्या उभ्या आहेत," असं सांगून मी निघाले.

मार्चमध्ये माझ्याकडे एक यादी आली. जुन्या नोंदींतले कोणते रकाने नव्या यंत्रणेत न्यायचे, ते मी ठरवायचं होतं. प्रत्येकासमोर 'गरज आहे' किंवा 'गरज नाही' लिहायचं. शेवटचा रकाना 'शेरा' हा होता. त्यात आमचे लोक वाटेल ते टाकत: गाडी उशिरा, ड्रायव्हर बदलला, दुकान बंद. मी लिहिलं, 'गरज नाही.'

गजभिये एकच गोष्ट मागत राहिले. जुन्या आणि नव्या यंत्रणेतल्या शंभर बिल्ट्या समोरासमोर ठेवून ताडून पाहायच्या. दोन दिवसांचं काम. दर मीटिंगमध्ये हात वर, दर मीटिंगमध्ये तेच. दर वेळी निनाद सर म्हणायचे, "टाइमलाइनमध्ये बसत नाही."

मेच्या सुरुवातीला नवी यंत्रणा सुरू झाली. शुक्रवारी दुपारी निनाद सरांनी आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर एक कागद होता. 'जुन्या सर्व्हरवरील सर्व नोंदी नव्या यंत्रणेत पूर्ण व अचूक आल्याची पडताळणी आम्ही केली आहे. जुना सर्व्हर पुसून टाकण्यास आमची हरकत नाही.' खाली सहीच्या दोन जागा. डावीकडे डिस्पॅच, उजवीकडे सिस्टिम. पुण्याला तो कागद पाच वाजेपर्यंत हवा होता. सोमवारी तिथे कार्यक्रम होता, नागपूर शाखा शंभर टक्के क्लाउडवर गेल्याचा.

"मॅडम, तुम्ही तर या जर्नीच्या चॅम्पियन," निनाद सर मला म्हणाले. "नव्या रचनेत डिस्पॅच आणि स्टोअर्स एकत्र होतंय. हेड कोण, ते पुढच्या आठवड्यात ठरेल." आवाज गोडच होता.

मी पेन उचललं. खाली ठेवलं. ग्लासातलं पाणी प्याले. मग सही केली.

गजभियेंनी कागद दोनदा वाचला. "साहेब, मी हे पाह्यलं नाई."

"काय पाहिलं नाही?"

"पूर्ण हाय का, अचूक हाय का, ते ताडून पाह्यलं नाई."

"क्लाउडच्या व्हेंडरने सर्टिफाय केलंय. डॅशबोर्ड हिरवा आहे. मॅडमनी सही केली. काय चुकलंय ते दाखवा ना."

"चुकलं असं मी म्हणून नाई राहिलो. पाह्यलं नाई, एवढंच म्हणून राहिलो. दोन दिवस द्या, पाहून सही करतो."

"दोन दिवस नाहीत, गजभिये."

"मंग ही ओळ बदला. 'पडताळणी केली नाही' असं लिवा. आत्ता सही करतो."

मी कागदाकडे न पाहता खिडकीकडे पाहत होते. बाहेर एक ट्रक मागे घेत होते. शेवटी निनाद सर म्हणाले, "मी हे बदलाला विरोध म्हणून कळवू का?"

"कळवा. फक्त माझं वाक्य हाय तसं टाका."

पार्किंगमध्ये मी त्यांना गाठलं. मोटरसायकलच्या तापलेल्या सीटवर ते ओला रुमाल अंथरत होते. मला राग आला होता, आणि तो त्यांच्यावर काढणं सोपं होतं. "चार महिने राहिलेत तुमचे निवृत्तीला. कशाला ताणता एवढं? एक सही तर आहे."

"मॅडम, छप्पनला दीक्षा घेतली तवा माझा बाप गिरणीत होता. आंगठा लावे. दीक्षाभूमीवरून घरी आला न् पाटी घेऊन बसला. बावीस वर्षांचा माणूस, न्हान्या पोरांसंग बसे. सही शिकाले त्याले सहा महिने लागले." त्यांनी किक मारली. "तो म्हणे, आंगठा कोनाचाबी हात धरून लावता येते. सही आपल्यालेच करा लागते."

सोमवारी पुण्याला कार्यक्रम झाला आणि नागपूरला गजभियेंच्या हातात नोटीस पडली. 'बदलाला सातत्याने विरोध, प्रकल्पात अडथळा.' चौकशी होईपर्यंत घरी बसायचं. त्यांचं वाक्य नोटिशीत कुठेही नव्हतं. त्यांनी सर्व्हर रीतसर बंद केला, खोलीची किल्ली निनाद सरांच्या टेबलावर ठेवली, मुकादमांना नमस्कार केला आणि गेले. फाटकावर त्यांचा पास बंद करण्यात आला. सर्व्हर पुसणारे लोक गुरुवारी येणार होते. त्याआधी गजभियेंच्या जागी स्वतः सही करण्याची परवानगी निनाद सरांनी मागितली होती. ती बुधवारी सकाळी आली.

त्याच बुधवारी अकराला औषध बनवणाऱ्या कंपनीचा मेल आला. एका अँटिबायोटिक इंजेक्शनच्या एका बॅचमध्ये काचेचे बारीक कण सापडले होते. ती बॅच जिथे जिथे गेली तिथे वापर ताबडतोब थांबवायचा.

नव्या यंत्रणेने सहा मिनिटांत यादी दिली. शंभर पेट्या, चाळीस ठिकाणं. जुन्या यंत्रणेत याला तास लागला असता. निनाद सर माझ्या टेबलाशी उभे होते. "बघा मॅडम," ते म्हणाले, आणि त्यांचा अभिमान खोटा नव्हता. दीडपर्यंत आम्ही चाळीसही ठिकाणी फोन केले.

चित्राताई आमची सगळ्यात जुनी क्लार्क. ती गोदामात जाऊन आली आणि पदराने मान पुसत माझ्यापाशी उभी राहिली. "मॅडम, ह्या बॅचच्या पेट्या आल्या एकशे चाळीस. गोदामात हाय तीस. म्हंजे गेल्या एकशे दहा. स्क्रीन शंभर सांगून राहिली. दहा कुठी गेल्या?"

"तूच सांग."

"शेऱ्यात असन ना. नव्यात शेरा कुठी दिसते?"

जुन्या प्रोग्रॅममध्ये एका ओळीत एकच बॅच नंबर मावायचा. एखाद्या ऑर्डरमध्ये एका बॅचच्या आठ पेट्या आणि दुसरीची एक असं झालं की वेगळी बिल्टी करावी लागे, आणि गाडी खोळंबे. म्हणून सहा वर्षांपूर्वी मीच सांगितलं होतं: दुसऱ्या बॅचचा नंबर शेऱ्यात टाका. कुठे लिहून ठेवलं नव्हतं. सगळ्यांना माहीत होतं. मला तर इतकं माहीत होतं की यादीवर 'गरज नाही' लिहिताना ते आठवलंही नाही.

दहा पेट्या. एका पेटीत पन्नास इंजेक्शनं. बिल्ट्यांच्या कागदी प्रती होत्या, पण त्या गोण्यांत बांधून माळ्यावर. शोधायला दोन दिवस गेले असते. निनाद सरांनी व्हेंडरला फोन लावला. तक्रार क्रमांक मिळाला, सर्वांत तातडीची म्हणून नोंद झाली, आणि मग फोनवर संगीत वाजत राहिलं. त्या संगीतावर मी पंधरा मिनिटं त्यांचा चेहरा पाहिला. जो रकाना नेलाच नव्हता तो व्हेंडरकडे कुठून असणार, हे आम्हा दोघांनाही कळत होतं.

मी गजभियेंना फोन केला. काय झालं ते सांगितलं. ते फक्त "आलो" म्हणाले. नागपूरच्या दुसऱ्या टोकाच्या इंदोऱ्याहून वाडी, भर दुपारी, पाऊण तासात ते फाटकावर होते. पास लावला की यंत्रावर लाल दिवा लागत होता. रखवालदार हात जोडून म्हणाला, "साहेब, माझी नोकरी जाईन." निनाद सर पुण्याला फोन करून परवानगी मागू लागले. पुण्यात कोणीतरी मीटिंगमध्ये होतं.

गजभियेंनी फाटकाबाहेरूनच मला फोन लावला. "मॅडम, माझी गरज नाई. हिरवी फाइल कपाटात हाय. पान चार. तुमच्या खणातलं पाकीट घ्या. किल्ली साहेबाकून घ्या."

"मला येणार नाही, गजभिये. काही बिघडलं तर सगळंच जाईल."

"म्हणूनच लिवलं ते. वाचा. एक ओळ वाचा, ती करा, मंग दुसरी वाचा. पुढचं पाहू नका."

निनाद सरांनी किल्ली दिली. खोलीत एसी बंद होता आणि भट्टी झाली होती. पहिली ओळ होती: 'आधी एसी लावा. वीस मिनिटं थांबा.' वीस मिनिटं! मी फोनवर ओरडले.

"थांबा," ते म्हणाले. "तापल्या खोलीत चालू केला न् डिस्क गेली त कायमचं गेलं."

ती वीस मिनिटं मी उभ्याने काढली. तेवढ्या वेळात कुठल्या तरी वॉर्डात कोणी तरी सुई भरत असेल, हे डोक्यातून जात नव्हतं. मग दुसरी ओळ, तिसरी. बटण दाबलं. पंखे गरजले. पडदा काळा. काळाच राहिला.

"काही येत नाही."

"पाचवी ओळ वाचा."

'पडदा अकरा मिनिटं काळा राहील. मशीन स्वतःला तपासून राहिली. हात लावू नका. भिऊ नका.' ती ओळ मी त्यांना वाचून दाखवली. पलीकडून ट्रकचे हॉर्न ऐकू येत होते; त्यांचा आवाज मात्र संथ होता. "पाणी प्याल्या का, मॅडम?" ते म्हणाले.

अकराव्या मिनिटाला अक्षरं उमटली. मी पाकीट फाडलं, पासवर्ड टाकला, शेऱ्याच्या रकान्यात तो बॅच नंबर शोधला. सात ठिकाणं. दहा पेट्या. चित्राताईने चार फोन घेतले, मी तीन. सहा ठिकाणी पेट्या उघडलेल्या नव्हत्या. सातवं एका तालुक्याच्या गावातलं लहान हॉस्पिटल. तिथली सिस्टर म्हणाली, "आज सकाळच्याच डोसला दोघांना दिलं, मॅडम. आता तिसऱ्याचं भरत होते."

ती दोन माणसं आठ दिवस देखरेखीखाली राहिली. त्यांना काही झालं नाही. त्याचं श्रेय मी कोणालाही देत नाही, आम्हाला तर नाहीच.

सर्व्हर पुसणाऱ्यांना गुरुवारी येऊ नका म्हणून कळवलं गेलं. शुक्रवारी निनाद सरांचा सगळ्यांना मेल आला. 'क्लाउड प्लॅटफॉर्म आणि टीमच्या अजाइल रिस्पॉन्समुळे रिकॉल शंभर टक्के यशस्वी.' शेऱ्याचा उल्लेख नव्हता, गजभियेंचा नव्हता, त्या दोन माणसांचा नव्हता. माझं नाव होतं, अभिनंदनासह. मी उत्तर लिहायला घेतलं आणि पुसलं. असं दोन दिवस केलं.

रविवारी मनीषनगरच्या भाजीबाजारात असताना गजभियेंचा फोन आला. "मॅडम, चौकशीत माझ्याविरुद्ध एकच पुरावा लावून राहिले. तुमची सही. डिस्पॅचनं पडताळणी केली, मंग सिस्टिमले काय त्रास होता, असं त्याहिचं म्हणणं. तुमाले माहीत असावं म्हणून सांगितलं." मागितलं काहीच नाही. मी विचारलं, "मग मी काय करू?" ते म्हणाले, "ते मी कसं सांगू?" आणि फोन ठेवला.

नंतर काय झालं ते आधीच सांगून टाकते. नोटीस मागे घेतली गेली, लेखी. मला समज देण्यात आली, तीही लेखी, आणि एकत्र झालेल्या विभागाचं प्रमुखपद दुसऱ्याकडे गेलं. निनाद सर वर्षभरात दुसऱ्या कंपनीत गेले; जाण्याआधी शेरा नव्या यंत्रणेत आणून गेले. गजभियेंनी उरलेले तीन महिने काम केलं. पहिल्याच आठवड्यात शंभर बिल्ट्या ताडून पाहिल्या, आणखी दोन चुका काढल्या, त्या दुरुस्त झाल्यावर मग त्या कागदाची नवी प्रत मागवून तिच्यावर सही केली. क्लाउड त्यांना आवडू लागला होता. "गोदाम मजबूत हाय," म्हणायचे. निवृत्तीनंतर दीड वर्षाने ते झोपेतच गेले. मी इंदोऱ्याला गेले होते. माणसं पुष्कळ होती.

पण मी लिहायला बसले ती एका संध्याकाळसाठी. रविवारच्या त्या फोनच्या दुसऱ्या दिवशी मी एक पत्र टाइप केलं आणि कामावरून सुटल्यावर ते घेऊन त्यांच्या घरी गेले. त्यांच्या बायकोने पाणी आणलं. गजभियेंनी चष्मा लावला आणि पेन हातात घेऊन वाचायला लागले. पत्रात मी लिहिलं होतं की शेरा नको असं मीच कळवलं होतं, की श्री. गजभिये यांनी सही नाकारली ते योग्य होतं; आणि की मी त्या प्रमाणपत्रावर घाईत, नोंदी न पाहता सही केली.

त्यांनी पेनाचं टोक एका शब्दावर ठेवलं. "हे 'घाईत' काढा."

"का?"

"घाई कुठी होती, मॅडम? साडेचार वाजले होते. पाच वाजेपर्यंत टाइम होता. तुमी पेन उचलला, खाली ठेवला, पाणी प्याल्या, मंग सही केली. मी पाहून राहिलो होतो."

मला उठून निघून जावंसं वाटलं. एवढं लिहून दिलं ते पुरे नव्हतं का? त्यांच्या बायकोने आतल्या खोलीत जाऊन पडदा ओढून घेतला.

"मग काय लिहू?" मी विचारलं.

"ते मले काय माहीत? तुमालेच माहीत."

त्यांनी पेन माझ्यापुढे ठेवलं आणि चष्मा काढून पुसत बसले. मग मी 'घाईत' या शब्दावर रेघ मारली आणि वर लिहिलं, 'पद जाईल या भीतीने'.

त्यांनी कागद फिरवून घेतला, चष्मा लावून वाचला आणि परत माझ्याकडे सरकवला.

"इथं बाजूले छोटी सही करा," ते म्हणाले. "खाडाखोड हाय."